पट्टी कुठली, हमी कुणाची

वसई स्टेशनच्या पूर्वेकडून महामार्गाकडे निघालं की गोखिवरे, वालीव, सातिवली, भोयदापाडा ही नावं लागतात. आता ती गावांपेक्षा गाळ्यांची नावं म्हणूनच जास्त ओळखली जातात. वर पत्रा, पुढे लोखंडी शटर, आत दोन पॉवर प्रेस, एक लेथ, कोपऱ्यात वेल्डिंगचं मशीन. एका गाळ्यात प्लॅस्टिकची झाकणं बनतात, शेजारी स्टेनलेसचे डबे, पलीकडे पत्र्याचे ब्रॅकेट. त्या ब्रॅकेटचं पुढे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. ते चलानावर बाहेर पडतात, पावडर कोटिंग करून येतात, पॉलिथिनच्या पिशवीत जातात, पिशवी खोक्यात जाते आणि खोक्यावर कुठल्याशा नावाचं लेबल लागतं. मग मुंबईच्या एखाद्या दुकानातून तोच ब्रॅकेट सातिवलीचा टेंपोवाला चौपट भावाने विकत आणतो आणि समाधानाने सांगतो, 'बनवून नाही घेतला, रेडिमेड आणला.'

म्हणून 'चासीला मजबुती देणारे भाग स्वतः बनवावेत की विकत घ्यावेत' हा वाद या भागात उभा केला की पहिल्या मिनिटालाच वाकडा होतो. पण प्रश्न खोटा नाही, आणि तो विचारणारी माणसंही एकसारखी नाहीत. मासळीचा टेंपो चालवणारा विचारतो, कारण मागच्या पाट्याच्या हँगरजवळ चासीला बारीक भेग दिसली आहे आणि पासिंग तोंडावर आलं आहे. जुनी जीप घेऊन पावसाळ्यात चिखलात उतरणारा हौशी तरुण विचारतो. नव्या हॅचबॅकच्या बॉनेटखाली, दोन शॉकअपांच्या माथ्यांमध्ये चकचकीत दांडा लावू पाहणाराही विचारतो. आणि गाड्यांच्या 'स्टार रेटिंग'ची बातमी वाचून धास्तावलेला संसारी गृहस्थ विचारतो, पुढे एखादा पाइप वेल्ड करून घेतला तर? या चौघांना एकच उत्तर देणारा माणूस एक तर विक्रेता असतो, नाही तर वेल्डर.

आधी पैशांचं बघू, कारण वादाची सुरुवात तिथूनच होते. चासीवर मारायची पट्टी घ्या: एक फूट लांब, अर्धा फूट रुंद, ५ मिलिमीटर जाड. पोलादाच्या घनतेने हिशेब केला तर तिचं वजन पावणेदोन किलोच्या थोडं वर भरतं. साठ-सत्तर रुपये किलोच्या भावाने लोखंड सव्वाशे रुपयांच्या आसपास. शॉकअपांमधला दांडा म्हणजे २५ मिलिमीटर व्यासाचा आणि २ मिलिमीटर जाडीचा पाइप धरला, तर मीटरभराचं वजन सव्वा किलोसुद्धा होत नाही. बाजारात तो काही हजारांना मिळतो. आता कुणीही म्हणेल की ही लूट आहे, आपल्याकडे वेल्डिंग आहे, ड्रिल आहे, हात आहेत. हे म्हणणं मला अर्धं पटतं. उरलेले पैसे कशाचे हे विचारलं, तर खरेदीदाराला यादी मिळते: ड्रॉइंग, डाय, जिग, कोटिंग, खोकं, तीन हातांचा नफा. त्या यादीत खरं मोलाचं कलम एकच असतं. दहा नग मुद्दाम तोडून पाहण्याचा खर्च. आणि नेमकं तेच कलम बहुतेक खोक्यांमागे नसतं.

या लेखात मला म्हणायचं आहे ते एवढंच. विकतच्या भागात आपण पैसे मोजतो ते तो कसा आणि कधी तुटेल याचा कुणीतरी आधी विचार केला आहे म्हणून, आणि तुटला तर त्या विचाराखाली कुणाची तरी सही आहे म्हणून. तो विचार आणि ती सही असेल तर भाग गाळ्यात बनो की कंपनीत, मला फरक पडत नाही. नसेल, तर घरचा आणि विकतचा यांत फरक खोक्यापुरता.

घरी बनवणाऱ्याची बाजू किती भक्कम आहे हे आधी मान्य केलं पाहिजे, कारण जाणकार मंडळी ती उगाच हलक्यात काढतात. पोलादाची एक गंमत अशी की ते साधं असो की महागडं, ताठपणा जवळपास एकच. भार पडला की ते किती ताणलं जाईल हे ठरवणारा अंक सगळ्या पोलादांना सुमारे २०० गिगापास्कल. बांधकामाचं साधं एम.एस. घ्या किंवा सर्वांत भारी मिश्रधातू घ्या, आकार तोच असेल तर त्याच भाराखाली दोन्ही तेवढीच वाकतील. फरक पडतो तो पुढे, कायमचं वाकायची वेळ येते तेव्हा. साधं एम.एस. २५० मेगापास्कलला हात टेकतं, तर कारच्या दारांमधल्या खांबात वापरलेलं, साच्यात दाबलेलं बोरॉन पोलाद १५०० च्या आसपासच्या ताणापर्यंत टिकतं. म्हणजे 'हाय टेन्साइल असल्यामुळे गाडी जास्त ताठ होते' असं खोक्यावर छापलं असेल, तर छापणाऱ्याला यंत्रशास्त्र कळत नाही किंवा फारच छान कळतं.

ताठपणा येतो आकारातून. पाच मिलिमीटरची पट्टी सहाची केली तर आडव्या वाकण्याला तिचा विरोध पाऊणपट वाढतो, कारण जाडीचा घन मोजावा लागतो. त्याहून मोठा फरक बंद आणि उघड्या आकारात आहे. वर सांगितलेल्या त्याच पाइपला लांबीभर एक चीर द्या. वजन तेच, लोखंड तेच, पण पिळाला होणारा विरोध जवळपास शंभरावा हिस्सा उरतो. सी-चॅनेलच्या उघड्या बाजूवर पट्टी लावून तो डबा बंद करणारा गॅरेजवाला मिस्त्री हे सूत्र न शिकता वापरत असतो, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर असतो. उलट बाजारातला तो शॉकअपमधला दांडा बघा. मध्ये इंजिन येतं म्हणून त्याला सुंदर कमान दिलेली असते आणि दोन्ही टोकांना एकेका बोल्टवर तो फिरू शकतो. कमानदार दांडा ताणला की सरळ होऊ पाहतो, दाबला की आणखी वाकतो. म्हणजे जे काम करायला त्याला बसवला त्याच कामात तो स्प्रिंग होतो. मग उरतं ते रंगाचं समाधान. हौसेला मोल नाही हे मान्य, फक्त तिला सुरक्षितता म्हणू नये.

शिवाय आता एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी एकच नग बनवणं परवडत नसे. डायला हजारो, कधी लाखो रुपये लागत आणि ते हजारो नगांवर पसरले तरच भाव बसे. आता लेझर कटिंगवाल्याला फाइल पाठवा, तो संध्याकाळपर्यंत कापून देतो. बेंडिंगवाला शेजारच्याच गल्लीत असतो. भोकाची जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेमकी. एके काळी 'फॅक्टरी फिनिश' ही विकतच्या मालाची मक्तेदारी होती, ती गेली. कापण्यातली अचूकता स्वस्त झाली आहे. कुठे कापावं हे मात्र मशीन सांगत नाही.

इथपर्यंत बनवणाऱ्याची सरशी. आता टेंपोच्या खाली शिरूया.

मालवाहू गाडीची चासी शिडीसारखी असते हे सगळ्यांना माहीत असतं. ती मुद्दाम पिळू दिलेली असते हे फार थोड्यांना. रस्ता खडबडीत असला की चार चाकं एका पातळीत राहत नाहीत, आणि तो वाकडेपणा काही पाट्यांनी, काही चासीने गिळायचा असतो. म्हणून ट्रकच्या आडव्या पट्ट्या बहुतेक रिव्हेटने जोडतात. रिव्हेटच्या जोडात किंचित हालचाल मुरते आणि धातू तापवावाही लागत नाही. म्हणूनच कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांना देतात त्या सूचनांत बजावून सांगितलेलं असतं की चासीच्या वरच्या-खालच्या ओठाला भोक पाडू नका, वेल्डिंगचा टाका मारू नका. करायचंच असेल तर उभ्या भागात करा. सर्वाधिक ताण ओठांवर असतो.

आता भेग पडली म्हणून मिस्त्री काय करतो? भेग भरतो, वर चौकोनी पट्टी ठेवतो आणि चारही बाजूंनी गच्च टाका मारतो. काम मजबूत दिसतं. पण पट्टीच्या टोकाशी चासी अचानक जाड होते, आणि जिथे जाडी अचानक बदलते तिथे ताण गोळा होतो. त्यातच आडवा टाका, म्हणजे तापून बदललेला धातू आणि काठाशी सूक्ष्म खाच. वेल्डच्या काठाची थकवा सोसण्याची ताकद मूळ पोलाद किती भारी यावर जवळपास अवलंबून नसते, हे अभियंत्यांना कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. म्हणजे पट्टी भारी पोलादाची आणली तरी भेगेला त्याचं सोयरसुतक नाही. तार पुढे-मागे वाकवून तोडतो तसंच हे, फक्त फार सावकाश. भरलेली गाडी पाट्यांवर साधारण सेकंदाला एकदा हेलकावते असं धरा. दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस, तर वर्षभरात शहाऐंशी लाख हेलकावे होतात. पहिली पट्टी दोन वर्षं टिकते आणि भेग पट्टीच्या टोकापलीकडे वीतभर सरकून पुन्हा उगवते. मग दुसरी पट्टी. चार-चार पट्ट्यांच्या चासी मी पाहिल्या आहेत. त्या मजबुतीच्या जाहिराती नव्हत्या. भेग कुठून कुठे गेली याचा नकाशा होता तो.

यावरचा उपाय महाग नाही, कळलेला हवा. भेगेच्या टोकाला छोटं गोल भोक पाडून तिची धार बोथट करायची, भेग व्ही आकारात घासून पूर्ण खोलीपर्यंत भरायची, पट्टीची टोकं चौकोनी न ठेवता तिरकी निमुळती करायची, ओठावरून आडवा टाका न्यायचा नाही, आणि जमेल तिथे वेल्डऐवजी उभ्या भागात घट्ट बोल्ट वापरायचे. बोल्ट घेताना माथ्यावर ८.८ कोरलेलं बघायचं. त्याचा अर्थ तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. दुकानात 'एट पॉइंट एट' मागितला की मिळतो आणि साध्या बोल्टपेक्षा काही रुपयांनीच महाग पडतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडायच्या, नाही तर इलेक्ट्रॉनिक्सचं बिल चासीच्या बिलाला लाजवतं. यातली एकही गोष्ट सातिवलीच्या वेल्डरच्या आवाक्याबाहेरची नाही. ती त्याला कुणी ड्रॉइंगवर काढून दिलेली नाही, एवढंच.

आणि वसईत आणखी एक शत्रू आहे: मीठ. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतची मासळी बर्फात भरून जाते, बर्फ वितळतो आणि खारं पाणी फळ्यांतून थेट चासीवर गळतं. त्यात चार महिने पाऊस, वर खाडीची हवा. मूळ चासी आणि वर मारलेली पट्टी यांच्यामधल्या कागदाएवढ्या फटीत हे पाणी शिरतं ते वाळतच नाही. बाहेरून पट्टी रंगवलेली, ठणठणीत. आतून दोन्ही पत्रे गंजून फुगलेले. इथे विकतची पावडर कोटिंग केलेली पट्टी बरी, असं वाटेल. बसवताना तिच्यावरच टाका मारला तर कोटिंग नेमकं हवं तिथेच जळतं. घरी बनवणारा निदान बसवण्याआधी दोन्ही आतल्या बाजूंना झिंकचा प्रायमर लावू शकतो. लावतो का, हा वेगळा प्रश्न.

टेंपोवाल्याचा एक युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही, तो इथेच निकाली काढतो. पट्टी मारली म्हणजे जास्त माल घेता येईल, हा तो. चासी हा साखळीतला एक दुवा आहे; ब्रेक, एक्सल, टायर, बेअरिंग तेवढेच राहिले आहेत. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची मान्य वजनं वाढवली, दोन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन केलं. तो सगळ्या दुव्यांचा हिशेब करून सरकारने घ्यायचा निर्णय होता. तोच निर्णय गॅरेजमध्ये एका पट्टीच्या जोरावर घेणं म्हणजे उतारावर ब्रेकशी जुगार.

आता कारकडे वळू, आणि इथे माझी भूमिका बदलते. बहुतेक कारना वेगळी चासी नसतेच. पत्र्याच्या पेट्या हजारो स्पॉट वेल्डनी जोडून केलेलं अंग हीच चासी. आणि त्या अंगातला पुढचा भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो. हा विचार मर्सिडीजमधले अभियंते बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पेटंट करून ठेवला: मधली कोठी कडक, पुढचा-मागचा भाग मऊ. धडक बसली की पुढचं अंग ठरलेल्या क्रमाने घडी घालत जातं, तेवढा वेळ प्रवाशाचा वेग कमी व्हायला मिळतो, आणि त्या मिलिसेकंदांच्या हिशेबावर एअरबॅग केव्हा फुटायची ते ठरतं. त्या पुढच्या भागात कुणी प्रेमाने पाइप वेल्ड केला, की घडी पडायची थांबते, धक्का सरळ कोठीत येतो आणि एअरबॅगचा हिशेब चुकतो. मजबूत झालेली गाडी आतल्या माणसाला जास्त जोरात आदळते. आणि दाराच्या खांबाचं काय? ते पोलाद ९०० अंशांच्या वर तापवून, साच्यातच झटक्यात थंड करून कडक केलेलं असतं. त्यावर वेल्डिंगची ज्योत फिरली की तिथला कडकपणा उतरतो. १५०० ची ताकद विकत घेतलेली असते आणि टाक्याच्या बाजूने ती मिस्त्रीच्या एका दुपारीत निम्म्याच्या दिशेने घसरते.

बुलबारची गोष्ट याच जातीची. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून गाड्यांच्या पुढचे बुलबार आणि क्रॅश गार्ड यांच्यावर कारवाई करायला सांगितलं. ते बहुतेक विकतचे होते, कित्येक तर गाडीच्या शोरूममध्येच बसवलेले. चकाकी उत्तम, वेल्डिंग उत्तम. विकतच्या वस्तूत विचार असतोच असं मानणाऱ्यांनी हे पत्र आठवावं.

पण गृहस्थाची धास्ती खोटी नव्हती. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले आणि पाचही गाड्या शून्य स्टारवर आल्या. त्या निकालातला एक तपशील मला सगळ्यांत बोलका वाटतो. फोक्सवॅगन पोलोचं अंग धडकेत स्थिर राहिलं, तरी एअरबॅगशिवाय तिला शून्य मिळालं. दोन एअरबॅग असलेली तीच गाडी चार स्टारवर गेली. लोखंड तेच होतं. ज्याला पाइप वेल्ड करून मुलाबाळांना वाचवायचं आहे, त्याने हा निकाल दोनदा वाचावा. आणि याच पालघर जिल्ह्यात, याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ ला झालेला अपघात विसरण्यासारखा नाही. गाडी मर्सिडीज होती, पुढे बसलेले दोघे वाचले, मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. कारमधली सगळ्यांत स्वस्त मजबुती कंपनीने आधीच बसवून दिलेली असते आणि मागच्या सीटवर आपण तिच्यावर बसतो.

म्हणून कारच्या बाबतीत माझं उत्तर 'बनवू नका' आणि 'विकतही घेऊ नका' असं आहे. गंजलेला तळ, झिजलेले बुश, थकलेले शॉकअप बदला. ताठपणाचा अर्धा अनुभव तिथेच परत येतो. अपघातात अंग वाकलं असेल तर कंपनीचा मूळ भाग कंपनीने सांगितलेल्या जोडावरच बसवा. इथे विकतच्या भागाला पर्याय नाही, कारण तो कसा चुरगळेल हे ठरवण्यासाठी आख्ख्या गाड्या भिंतीवर आदळलेल्या असतात, आणि ते कुठल्याही गाळ्याला परवडत नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या दाखल्यातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ ठळक केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय सुटे भाग बसवून असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. रेघ योग्य आहे. पण ती फक्त नाही म्हणते, आणि भेग पडलेल्या चासीला नुसतं नाही म्हणून चालत नाही. गाडी दुरुस्त तर व्हायलाच हवी.

महाराष्ट्रात हा पेच जुना आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली आपली पहिली छोटी मोटार बनवली, पुढची दोन दशकं ती सुधारत नेली, 'मीरा' नाव दिलं. गाडी रस्त्यावर धावली, उत्पादनाचा परवाना मात्र मिळाला नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने भंगारातून साठेक हजारांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. आणि त्याच दमात, ती नियमांत बसत नाही म्हणून प्रशासन कधीतरी तिला थांबवेल, तेव्हा बदल्यात बोलेरो देतो असंही सांगितलं. महिनाभरात बोलेरो आली. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. पण त्या देवाणघेवाणीत आपली वृत्ती नेमकी उतरली आहे: हाताच्या कसबाला बक्षीस द्यायचं, प्रदर्शनात ठेवायचं, रस्ता द्यायचा नाही. त्या गाडीत काय चुकीचं आहे आणि ते कसं बरोबर करायचं, याचा कागद त्या कारागिराच्या हातात कुणी ठेवला असं काही ऐकिवात आलं नाही.

असं करता येत नाही असं मुळीच नाही. सीएनजी किटचं उदाहरण समोर आहे. किट गाडीच्या कंपनीचं नसतं. ते दुसराच कुणी बनवतो, पण त्याला मान्यता घ्यावी लागते, मान्यताप्राप्त केंद्रातच बसवावं लागतं, नोंद आरसी बुकावर चढते आणि सिलेंडरची दर तीन वर्षांनी चाचणी होते. इंधनाच्या टाकीएवढी स्फोटक वस्तू आपण या वाटेने लाखो गाड्यांत बसवू दिली. ट्रकची बॉडी तर कायमच लहान कारखान्यांत बांधली जात आली. तिलाही एआयएस-०९३ हा संकेत लावता आला. मग चासी-दुरुस्तीच्या पट्टीलाच वाट का नसावी? पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे, भोसरीला सीआयआरटी आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे. गाड्या तपासण्याचं देशातलं केवढं तरी ज्ञान या राज्यात एकवटलं आहे. सातिवलीपासून ते काही तासांवर आहे, आणि तरी टेंपोखालच्या मिस्त्रीपर्यंत त्यातला एक कागद पोचत नाही.

गाळेवाल्यांचं यावरचं उत्तर मला ठाऊक आहे: मान्यता म्हणजे खर्च, फेऱ्या आणि मधला माणूस. बरोबर आहे. सीएनजीच्या व्यवहारातही बनावट प्रमाणपत्रं निघतातच. पण आज काय आहे? आज टेंपोवाल्याकडे बिल नसतं, वेल्डरकडे ड्रॉइंग नसतं, आणि पट्टी सुटून मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काही झालं तर कुणाचंच नाव सापडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूची जबाबदारी बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आणि सेवा देणाऱ्यावरही टाकता येते. बिलावर नाव असेल तरच. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे बिल न फाडण्याचं एक कारण थोडं दुबळं झालं. सवय तेवढ्याने जात नाही.

मला हवी आहे ती व्यवस्था लहानच आहे. सर्वाधिक धावणाऱ्या चार-पाच मालवाहू मॉडेलांसाठी, नेहमी भेगा पडतात त्या जागांच्या दुरुस्तीची तपासलेली ड्रॉइंग कुणीही वापरावीत अशी खुली करायची: पोलादाची प्रत, पट्टीचा आकार, टाका कुठे आणि कुठे नाही, बोल्ट कुठले, प्रायमर कधी. ज्या गाळ्याला बनवायची आहे त्याने पोलादाचं टेस्ट सर्टिफिकेट जपून ठेवावं आणि पट्टीवर आपला क्रमांक ठोकावा. वेल्डरची परीक्षा घ्यावी; बॉयलरच्या वेल्डरची घेतात, चासीच्या वेल्डरची का नाही? पासिंगच्या वेळी निरीक्षकाने रंगाऐवजी क्रमांक बघावा. बॉनेटखालच्या दांड्याला आणि बुलबारला या यादीत जागा नाही. जीपवाल्या हौशी मंडळींना आहे, कारण त्यांच्या गाडीलाही शिडीचीच चासी असते, आणि खरं सांगायचं तर ती मंडळी टेंपोवाल्यापेक्षा जास्त वाचतात आणि भेगांचे फोटो काढून ठेवतात.

पहिलं ड्रॉइंग कुठल्या गाडीचं काढायचं यासाठी समिती नेमायची गरज पडणार नाही. कुठल्या मॉडेलला, कुठल्या पाट्याच्या हँगरमागे, किती वर्षांनी भेग येते, हे सातिवली रोडवरचा कुठलाही गॅरेजवाला गाडीखाली न वाकता सांगतो. आणि कुणी लिहून घेणार असेल, तर गेल्या पट्टीचे पैसे कुणी अजून दिले नाहीत तेही.